न मिळालेली टोपी, मिळालेले शिष्य

खेळाडूचे यश मोजण्याची आपली रीत मोठी सोपी आहे. जो देशाकडून खेळला तो मोठा. जो तेथवर पोहोचला नाही तो ‘थोडक्यात राहिला’. वर्तमानपत्रांतील मथळे असोत की चहाच्या टेबलावरील गप्पा असोत, या दोन खान्यांपलीकडे तिसरा खाना आपण सहसा ठेवीत नाही. परंतु जे थोडक्यात राहतात त्यांची संख्या पोहोचणाऱ्यांच्या कितीतरी पट असते. पंधरा-वीस वर्षे उन्हात घाम गाळून त्यांनी जे ज्ञान मिळविलेले असते ते पुढे कोठे जाते? ते त्यांच्याबरोबर घरी जाऊन बसते, की कोणाच्या उपयोगी पडते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः एका खेळाडूच्या कारकिर्दीच्या आधारे करावयाचा आहे. हे खेळाडू म्हणजे मुंबईचे फलंदाज आणि २०२५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला क्रिकेट संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार.

अमेरिकेतील एक वाट

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या सर्वोच्च साखळीला मेजर लीग म्हणतात. तिच्यात ३० संघ आहेत. प्रत्येक संघाच्या हाताखाली मायनर लीगचे चार-चार संघ असतात. २०२१ सालच्या फेररचनेपासून असे १२० संघ आणि त्यांच्या चार पायऱ्या आहेत. तरुण खेळाडू खालच्या पायरीवर दाखल होतो आणि एकेक पायरी चढू पाहतो. बहुतेकांची चढण मध्येच थांबते. २००८ साली भारतात झालेल्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेलेले उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग व दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू याच मायनर लीगमध्ये जाऊन खेळले. तेही वरच्या पायरीपर्यंत पोहोचू शकले नाहीत.

मात्र तेथे अशा खेळाडूपुढे एक रुळलेली वाट असते. अमेरिकन महाविद्यालये आपल्या बेसबॉल संघासाठी स्वतंत्र पगारी प्रशिक्षक ठेवतात. त्याच्या हाताखाली सहायकही असतात. मायनर लीगमध्ये काही वर्षे काढलेला खेळाडू खेळ थांबवतो, राहिलेली पदवी पुरी करतो, एखाद्या महाविद्यालयात सहायक म्हणून रुजू होतो आणि जमल्यास पुढे मुख्य प्रशिक्षक होतो. यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. अमेरिकेत महाविद्यालय हेच व्यावसायिक खेळाडू घडण्याचे एक प्रमुख ठिकाण आहे. त्यामुळे पुढच्या पायरीवर काय लागते, हे स्वतः ती पायरी चढून पाहिलेला माणूस तेथे हवा असतो. तो शिखरावर गेला की नाही, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

आपल्याकडे क्रिकेटपटू घडतो तो शालेय स्पर्धांत, मैदानावरील क्लबांत आणि राज्य संघटनांच्या शिबिरांत. साहजिकच आपल्या ‘राहून गेलेल्या’ खेळाडूंच्या वाटाही निराळ्या झाल्या.

दोन पूर्वसुरी

महाराष्ट्रात या परंपरेचा विचार करताना पहिले नाव घ्यावे लागते ते प्रा. दि. ब. देवधर यांचे. १८९२ साली जन्मलेले देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करीत. भारताने पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर खेळला, तेव्हा देवधरांनी चाळिशी गाठली होती. त्यामुळे कसोटीची टोपी त्यांच्या वाट्याला आली नाही. तथापि १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. आणि पन्नाशी उलटल्यावर एकाच रणजी सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके काढली. सकाळी वर्गात संस्कृत आणि संध्याकाळी मैदानावर क्रिकेट हा मेळ कला शाखेच्या एका प्राध्यापकाने घालून दाखविला, ही गोष्ट आपल्यासारख्या कला महाविद्यालयातील वाचकांनी विसरू नये.

दुसरे नाव रमाकांत आचरेकर यांचे. मालवणात १९३२ साली जन्मलेले आचरेकर स्टेट बँकेत नोकरीस होते. प्रथम श्रेणीचा एकच सामना त्यांच्या नावावर आहे. १९६३-६४ च्या मोईन-उद-दौला स्पर्धेत ते स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध खेळले, एवढेच. परंतु शिवाजी पार्कवर त्यांनी उभ्या केलेल्या कामत मेमोरियल क्लबातून आणि दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरातून किती कसोटीपटू बाहेर पडले! बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण अमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर, रमेश पोवार ही त्यांतील काही नावे. शासनाने १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० साली पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले.

आचरेकरांच्या शिकविण्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. जाळ्यातील सरावापेक्षा प्रत्यक्ष सामना त्यांना महत्त्वाचा वाटे. होतकरू मुलाला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि दिवसातून अधिकाधिक डाव खेळावयास लावीत. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून ते म्हणत, जो याला बाद करील त्याचे नाणे. बाद झाला नाही तर नाणे त्याचेच. यामागील तत्त्व साधे होते. दडपण शब्दांनी शिकविता येत नाही, ते निर्माण करावे लागते.

पॅड बांधून बसलेला मुलगा

अमोल मुजुमदार यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९७४ चा. आचरेकरांकडे शिकावयास मिळावे म्हणून ते शाळा बदलून शारदाश्रमात आले. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपांत्य सामना झाला. प्रतिपक्ष सेंट झेवियर्स हायस्कूलचा होता. तेंडुलकर आणि कांबळी यांनी तिसऱ्या गड्यासाठी ६६४ धावांची अभंग भागी केली. कांबळी ३४९ व तेंडुलकर ३२६ धावांवर नाबाद राहिले. ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. यांच्यानंतर ज्याची पाळी होती तो तेरा वर्षांचा मुलगा पॅड बांधून बसून राहिला आणि त्याची पाळी आलीच नाही. तो मुलगा म्हणजे मुजुमदार.

हा प्रसंग पुढे इतक्यांदा सांगितला गेला की तो त्यांच्या साऱ्या आयुष्याचे प्रतीक होऊन बसला. पण केवळ दैवाचा खेळ म्हणून त्याकडे पाहणे अपुरे आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये फरीदाबादला हरियाणाविरुद्ध ते मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळले आणि त्यात त्यांनी २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातील तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. जवळजवळ पंचवीस वर्षे तो टिकला. डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेरा याने नाबाद २६७ धावा करून तो मोडला. भारत ‘अ’ संघातही ते द्रविड, गांगुली यांच्याबरोबर खेळले. तेव्हा भारतीय संघाचे दार फार दूर आहे असे कोणासही वाटले नसते.

मात्र १९९६ पासूनच्या दहा-बारा वर्षांत भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण हे चौघे होते. एका संघात मधल्या फळीच्या जागा तेवढ्याच. रणजीत सातत्याने धावा करणाऱ्यासाठी तेथे जागा निर्माण होणे अवघड होते आणि ती झाली नाही. मुजुमदार यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीचा हिशेब असा: सामने १७१, धावा ११,१६७, शतके ३०, सरासरी ४८.१३. यांपैकी ९,२०२ धावा एकट्या रणजी स्पर्धेतील आहेत. रणजीतील सर्वाधिक धावांचा विक्रमही काही काळ त्यांच्या नावावर होता. पुढे वसीम जाफर यांनी त्यांना मागे टाकले. एवढे असून आंतरराष्ट्रीय सामन्यांची संख्या शून्य.

तीन पराभव, दोन वेळा

मुजुमदार यांच्या कारकिर्दीत अभ्यासकाने थांबावे असे दोन हंगाम आहेत. त्यांत जवळजवळ अठरा वर्षांचे अंतर आहे. तरीही ते शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत.

पहिला हंगाम २००६-०७ चा. मुजुमदार मुंबईचे कर्णधार होते. त्या वर्षी मुंबईने रणजी स्पर्धेतील पहिले तीन सामने गमावले. मुंबईसारख्या संघाला हा धक्का मोठाच होता. त्यानंतर संघ सावरला, उपांत्य फेरीत गेला. आणि तेथे बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात एकही धाव होण्याआधी त्यांचे पाच गडी बाद झाले! धावफलकावर शून्य आणि निम्मा संघ तंबूत परतलेला. तो सामनाही मुंबईने जिंकला आणि पुढे बंगालला हरवून करंडक मिळविला.

दुसरा हंगाम प्रशिक्षकपदाचा. महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकात ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत लागोपाठ तीन सामने हरला: दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, ऑस्ट्रेलियाविरुद्ध आणि इंग्लंडविरुद्ध. स्पर्धा मायदेशात, अपेक्षांचा भार मोठा आणि टीकाही तितकीच. न्यूझीलंडला हरवून संघाने उपांत्य फेरी गाठली. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. मध्यंतरात मुजुमदार यांनी ड्रेसिंग रूममधील फळ्यावर एवढाच मजकूर लिहिल्याचे प्रसिद्ध झाले की, अंतिम फेरीसाठी आपल्याला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांच्या बळावर भारताने ते लक्ष्य गाठले. २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतीय महिलांनी प्रथमच विश्वचषक जिंकला. शेफाली वर्माने ८७ धावा काढल्या, दीप्ती शर्माने पाच गडी बाद केले. विजयानंतर कर्णधार हरमनप्रीत कौर हिने भर मैदानावर प्रशिक्षकांच्या पायांना हात लावला.

हे दोन प्रसंग समोर ठेवले की एक गोष्ट ध्यानात येते. तीन पराभवांनंतर हंगाम संपत नाही, हे सांगावयास कोणीही सांगू शकेल. पण स्वतःच्या नेतृत्वाखाली ते घडलेले पाहिलेला माणूस ते सांगतो तेव्हा त्या शब्दांचे वजन वेगळे असते. विजय खेळाडूंनी मिळविला, त्याचे श्रेय त्यांचेच. प्रशिक्षकाने काय केले हे धावफलकावर कधीच दिसत नाही. परंतु ३३९ धावांच्या डोंगराचा आकार ‘एक धाव जास्त’ एवढा लहान करून दाखविणे, हे शिक्षकाचे काम आहे. कठीण गोष्ट विद्यार्थ्याच्या हातात मावेल अशी करून देणे यालाच आपण वर्गात ‘शिकविणे’ म्हणतो.

मधल्या पायरीवरचे शिक्षण

येथे एक शंका उपस्थित होईल. अपयशी खेळाडू चांगला प्रशिक्षक होतो, असा सिद्धान्त मांडावयाचा आहे काय? मुळीच नाही. आचरेकरांचेच शिष्य चंद्रकांत पंडित हे पाच कसोटी सामने खेळलेले होते आणि मुंबई, विदर्भ व मध्य प्रदेश या तीन संघांना त्यांनी प्रशिक्षक म्हणून रणजी करंडक मिळवून दिला. उलट ऑस्ट्रेलियाचे जॉन ब्युकॅनन प्रथम श्रेणीचे अवघे सात सामने खेळले होते, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली त्या संघाने २००३ व २००७ चे विश्वचषक जिंकले. सारांश, टोपी मिळाली की नाही यावरून शिकविण्याची पात्रता ठरत नाही.

मग ती कशावरून ठरते? मुजुमदार यांच्या बाबतीत तीन गोष्टी दाखविता येतील. पहिली, दीर्घ काळ. वीस वर्षांत त्यांनी नाना प्रकारच्या खेळपट्ट्यांवर, रिकाम्या प्रेक्षागृहांसमोर सामने खेळले. कोणी पाहत नसतानाही दर्जा राखणे ही देशांतर्गत क्रिकेटची शिस्त आहे. दुसरी, दुबळ्या संघांचा अनुभव. २००९ साली मुंबई सोडून ते आसामकडे गेले आणि नंतर आंध्रकडून खेळले. मुंबईत जिंकण्याची सवय असते. ज्या संघाला ती नसते त्याच्या ड्रेसिंग रूममध्ये खेळाडू कसा विचार करतो, हे तेथेच कळते. तिसरी, क्रमाक्रमाने केलेली उमेदवारी. २०१४ मध्ये निवृत्त झाल्यावर ते एकदम मोठ्या पदावर बसले नाहीत. २०१८ पासून राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक, २०१९ च्या भारत दौऱ्यात दक्षिण आफ्रिकेचे हंगामी फलंदाजी प्रशिक्षक, २०२१ पासून मुंबईचे मुख्य प्रशिक्षक आणि ऑक्टोबर २०२३ पासून महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक, अशा पायऱ्या त्यांनी चढल्या. मुंबईकडे असताना २०२२ साली रणजीचा अंतिम सामना ते हरले. हरविणारा संघ मध्य प्रदेशचा आणि त्याचे प्रशिक्षक पंडित! एकाच गुरूचे दोन शिष्य समोरासमोर होते. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक प्रथमच जिंकला.

म्हणजे मधल्या पायरीवरही शिक्षण होत असते, आणि पुष्कळदा ते अधिक सविस्तर होते. उपजत प्रतिभेच्या खेळाडूला आपण काय करतो हे अनेकदा सांगता येत नाही. ज्याला प्रत्येक धाव हिशेबाने मिळवावी लागली त्याला तो हिशेब दुसऱ्यास समजावून देता येतो.

सोलापूर आणि आपली महाविद्यालये

आता हा विचार आपल्या अंगणात आणू. सोलापूरला क्रिकेट परके नाही. पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी याच शहरात झाला. ५९ कसोटी सामन्यांत ३,६३१ धावा काढणाऱ्या उम्रीगर यांनी १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा केल्या. कसोटीतील ते भारताचे पहिले द्विशतक होय. जानेवारी २०२४ मध्ये पार्क मैदानावर महाराष्ट्राचा रणजी सामना झाला. आपल्याच जिल्ह्यातील किरण नवगिरे हिची वाटही या विषयाशी जुळणारी आहे. आधी भालाफेक आणि मग क्रिकेट असा तिचा प्रवास. मुजुमदार आसामला गेले तशी ती नागालँडकडून पाहुणी खेळाडू म्हणून खेळली. २०२२ साली अरुणाचल प्रदेशविरुद्धच्या वीस षटकांच्या सामन्यात तिने ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती भारतीय संघात आली. मोठ्या संघाचे दार बंद असताना लहान संघाचे दार ठोठावण्यात कमीपणा नाही, हे या दोघांच्या उदाहरणांवरून दिसते.

पण महाविद्यालयांचे काय? आंतरविद्यापीठ क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ पासून आहे. एके काळी कसोटीपटूंची एक मोठी रोपवाटिका म्हणून त्याची ख्याती होती. सुनील गावसकर मुंबई विद्यापीठाकडून खेळूनच पुढे आले. पुढे वयोगटांच्या स्पर्धा, अकादमी आणि आयपीएल यांमुळे निवडकर्त्यांचे लक्ष दुसरीकडे वळले. महाविद्यालयांत साधारणतः एकच शारीरिक शिक्षण संचालक असतो. त्याने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सारे पाहावयाचे, प्रवेशिका भरावयाच्या, संघ घेऊन परगावी जावयाचे. त्या पदासाठी शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी व नेट किंवा सेट परीक्षा लागते. अशी अट असण्यात गैर काही नाही. परंतु राज्य पातळीवर दहा वर्षे खेळलेल्या पण ती पदवी नसलेल्या खेळाडूला महाविद्यालयाच्या मैदानावर अधिकृत स्थान नाही, हा तिचा परिणाम आहे. अमेरिकेत जो माणूस महाविद्यालयाचा प्रशिक्षक झाला असता, तो आपल्याकडे बँकेच्या काउंटरमागे किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला असतो. पोटासाठी ते काम सन्मानाचेच आहे. वाया जाते ते त्याचे खेळाचे ज्ञान.

यावर उपाय खर्चीक असलेच पाहिजेत असे नाही. प्रत्येक महाविद्यालयात विद्यापीठाच्या संघातून खेळलेले माजी विद्यार्थी असतात. त्यांची नोंद ठेवता येईल. हंगामाच्या आधी त्यांतील एकदोघांना आठवड्यातून दोन संध्याकाळ मानधनावर बोलाविता येईल. संचालकांच्या देखरेखीखाली त्यांनी एकेक खेळ सांभाळावा. पोटाचा धंदा सांभाळूनही ते हे करू शकतील, कारण आचरेकरांनीही बँकेची नोकरी सांभाळूनच शिकविण्यास आरंभ केला होता.

आणि ज्या विद्यार्थ्यांचे नाव यंदा विद्यापीठ संघाच्या यादीत लागले नाही, त्यांनीही या हिशेबाकडे नीट पाहावे. १७१ सामने आणि एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही, ही नोंद पुरी वाचावयाची तर तिच्यापुढे २ नोव्हेंबर २०२५ ही तारीखही लिहावी लागते. खेळणे थांबल्यावर खेळाडूच्या हाती जे उरते ते दुसऱ्याला देता येते, आणि ते घेण्यासाठी कोणी तरी लहान मुलगा वा मुलगी मैदानाच्या कडेला उभी असतेच. तिला ते मिळेल अशी सोय करणे हे महाविद्यालयांचे काम आहे.